रूटचे अधिकार लागणाऱ्या स्वयंचलित चाचण्या कशा चालवाव्यात

चाचण्यांचा संच परवानगीअभावी मध्येच अडला की संपूर्ण कमांडच्या आधी ‘सुडो’ (कमांड रूटच्या, म्हणजे मशीनवर काहीही करू शकणाऱ्या सर्वोच्च वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवणारा प्रोग्रॅम) लिहून मोकळे होण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्या दिवसापुरते काम भागूनही जाते. अडचण पुढे सुरू होते. दोनशे चाचण्यांपैकी जेमतेम तीन चाचण्यांना रूटचे अधिकार हवे असतात, पण त्या तिन्हींसाठी उरलेल्या सगळ्या चाचण्या, त्यांनी ओढून आणलेली प्रत्येक लायब्ररी आणि कोणी तरी काल रात्री घाईने बदललेली एखादी फाइल, हे सारेच मशीनवर हवे ते करायला मोकळे होते. खाली जी पद्धत सांगितली आहे ती याच्या उलट आहे. संच नेहमी सामान्य वापरकर्त्याच्या नावानेच चालवावा, आणि ज्या नेमक्या कृतीला अधिकार लागतात तेवढीच कृती एका छोट्या मदतनीस स्क्रिप्टकडे सोपवावी. मुख्य विवेचन लिनक्सचे आहे; विंडोज आणि मॅकओएसवर काय वेगळे पडते ते शेवटच्या भागात थोडक्यात दिले आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. एक सेवा दुसऱ्या सेवेकडे माहिती मागते आणि उत्तर अर्ध्या सेकंदात आले नाही तर प्रयत्न सोडून देते, असे समजा. हे वर्तन तपासायचे तर नेटवर्कमध्ये मुद्दाम विलंब निर्माण करावा लागतो. लिनक्सवर ‘टीसी’ ही कमांड ‘नेटएम’ या विलंब घडवणाऱ्या भागाच्या साहाय्याने हे काम करते, आणि त्यासाठी नेटवर्कची मांडणी बदलण्याचा अधिकार लागतो. दोन्ही सेवा एकाच मशीनवर असतील तर हा विलंब लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या स्वतःशीच बोलण्याच्या अंतर्गत जोडणीवर, लावतात, आणि येथे पहिल्याच दिवशी एक चकवा बसतो: ३०० मिलिसेकंदांचा विलंब लावून पिंग केले (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजला) तर आकडा ६०० च्या आसपास दिसतो, कारण जाणारे आणि परत येणारे दोन्ही पॅकेट त्याच लूपबॅकमधून बाहेर पडतात आणि दोघांनाही विलंब लागतो. त्यामुळे ३०० हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या मर्यादेत बसतो असे गृहीत धरून लिहिलेली चाचणी विनाकारण नापास होते.

अधिकार कोणत्या ओळीला लागतात

कोणतीही परवानगी देण्यापूर्वी संच एकदा सामान्य वापरकर्ता म्हणून चालवावा आणि तो कोठे अडतो ते पाहावे. येथे दोन संदेशांतला फरक लक्षात घ्यावा. ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश बहुतेक वेळा फाइल किंवा फोल्डरच्या परवान्यांशी संबंधित असतो, आणि मालकी किंवा गट बदलून तो प्रश्न सुटतो. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा संदेश मात्र ती कृतीच तुमच्या अधिकाराबाहेरची असल्याचे सांगतो. नेटवर्कची मांडणी, दुसऱ्याच्या प्रोसेसला सिग्नल पाठवणे, मशीनचे घड्याळ बदलणे या कृती त्यात येतात. चाचण्या चालवणाऱ्या चौकटीने (फ्रेमवर्कने) मूळ संदेश गिळून स्वतःचाच काही तरी लांबलचक मजकूर दाखवला असेल, तर ‘एसट्रेस’ या नोंद ठेवणाऱ्या साधनाखाली तेवढी एकच चाचणी चालवावी आणि नकार मिळालेली सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी) शोधावी. या शोधाला पंधरा मिनिटे लागतात, पण बहुतेक वेळा यादी अपेक्षेपेक्षा बरीच आखूड निघते.

रूटशिवाय भागत असेल तर

यादी हाती आल्यावर प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे रूटशिवाय होईल का? लिनक्सवर १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्यासाठी मुळात विशेष अधिकार लागतो, पण चाचणीतल्या सर्व्हरला ८० क्रमांकाचाच पोर्ट हवा असे क्वचितच असते. पोर्ट म्हणून शून्य दिल्यास कर्नल स्वतःच एखादा मोकळा पोर्ट देतो, आणि त्यामुळे दोन चाचण्या एकाच पोर्टावरून भांडण्याचा प्रश्नही उरत नाही. सिरियल पोर्टवरच्या उपकरणाशी बोलायचे असेल तर डेबियन आणि उबुंटूवर वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घातले की पुरते. डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) याच्या गटाबाबत मात्र सावध राहावे. त्या गटातला वापरकर्ता मशीनची मूळ फाइल सिस्टिम कंटेनरमध्ये जोडून तिच्यात रूट म्हणून लिहू शकतो, म्हणजे त्या गटाचे सदस्यत्व हे व्यवहारात पासवर्डाविना रूट देण्यासारखेच आहे. ‘आम्ही सुडो देत नाही, फक्त डॉकर देतो’ असे समाधानाने सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मशीनवर एकदा करून पाहावा.

आपल्या विलंबाच्या उदाहरणाला नेमस्पेसचा, म्हणजे प्रोसेसला वापरकर्ते, नेटवर्क वगैरेंचा स्वतंत्र कप्पा देणाऱ्या कर्नलच्या सोयीचा, मार्ग उत्तम लागू पडतो. लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्याला स्वतःचा वापरकर्ता नेमस्पेस तयार करता येतो, आणि त्याच्या आत स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस घेता येतो. ‘अनशेअर’ या कमांडला ‘-आर’ आणि ‘-एन’ हे दोन पर्याय दिले की एक नवे शेल मिळते. त्याच्या आत तुम्ही रूट असता, पण ते रूटपण त्या कुंपणापुरतेच असते. आत शिरल्यावर लूपबॅक बंद असतो, तो आधी सुरू करावा लागतो. हे विसरल्यास स्वतःच्याच मशीनवर जोडणी करताना नेटवर्क पोहोचण्याजोगे नाही असा चक्रावून टाकणारा संदेश मिळतो. त्यानंतर ‘टीसी’ने विलंब लावावा आणि दोन्ही सेवा व चाचणी त्याच शेलमधून चालवाव्यात. या मार्गाचा खरा फायदा शेवटी कळतो: आतली शेवटची प्रोसेस संपली की नेमस्पेस नाहीसा होतो आणि विलंबही त्याच्याबरोबर जातो, मग चाचणी नीट संपलेली असो की मध्येच मारलेली असो.

मर्यादाही आहेत. बाहेर चालू असलेला डेटाबेस आतून दिसत नाही, त्यामुळे लागणारे सर्व काही आतच उभे करावे लागते. उबुंटू २४.०४ मध्ये अशा नेमस्पेसवर अ‍ॅपआर्मर या सुरक्षा व्यवस्थेची बंधने मुळातच लागू आहेत, त्यामुळे तेथे त्या प्रोग्रॅमसाठी अ‍ॅपआर्मरचे प्रोफाइल द्यावे लागते. तरीही नेटवर्कच्या चाचण्यांसाठी मी नेहमी हाच मार्ग आधी तपासतो, आणि तो जमला तर पुढचे सगळे प्रकरण वाचवतो.

तिसरा मार्ग केपेबिलिटीजचा. रूटच्या एकसंध अधिकाराचे तुकडे करून त्यातला एखादाच तुकडा एखाद्या प्रोग्रॅमला देण्याची ही सोय लिनक्समध्ये २.२ या आवृत्तीपासून आहे, आणि ‘सेटकॅप’ने तो तुकडा थेट प्रोग्रॅमच्या फाइलवर लावता येतो. कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमसाठी हे चांगले चालते, मात्र प्रत्येक वेळी नव्याने बिल्ड केल्यावर नवी फाइल कोरी असते आणि केपेबिलिटी पुन्हा लावावी लागते. पायथन किंवा शेलच्या स्क्रिप्टवर ती लावून काहीच होत नाही, कारण प्रत्यक्षात चालतो तो इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून ती अमलात आणणारा प्रोग्रॅम. मग कोणी तरी इंटरप्रिटरलाच केपेबिलिटी लावण्याची युक्ती काढतो. ती करू नये. त्या मशीनवरची प्रत्येक पायथन स्क्रिप्ट त्या क्षणापासून तो अधिकार घेऊन फिरते. ‘कॅप-सिस-अ‍ॅडमिन’ हा तुकडाही टाळावा. त्याच्यात इतक्या गोष्टी कोंबल्या आहेत की तो दिला काय आणि रूट दिले काय, फारसा फरक राहत नाही.

मदतनीस स्क्रिप्ट

वरचे मार्ग लागू पडत नसतील तरच सुडोकडे वळावे. आपल्या उदाहरणात समजा डेटाबेस बाहेरच असणे भाग आहे, म्हणून विलंब खऱ्या लूपबॅकवरच लावायचा आहे. त्यासाठी एक शेल स्क्रिप्ट लिहावी, जिला फक्त तीन शब्द कळतात: ‘लावा’, ‘काढा’ आणि ‘स्थिती’. चौथा कोणताही शब्द आला तर तिने त्रुटी देऊन थांबावे. किती मिलिसेकंद, कोणत्या इंटरफेसवर, या गोष्टी बाहेरून घेऊ नयेत. त्या स्क्रिप्टच्या आतच लिहिलेल्या असाव्यात. ‘थोडी लवचिकता असू द्या’ या आग्रहाला येथे नम्रपणे नकार द्यावा, कारण बाहेरून आलेले प्रत्येक मूल्य हे रूटच्या शेलमध्ये शिरण्याचे एक दार असते. वेगळा विलंब खरोखरच हवा असेल तर ‘लावा-जास्त’ असा चौथा ठरीव शब्द जोडावा.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत पाथ (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी) स्वतः ठरवावा आणि प्रत्येक कमांड पूर्ण पत्त्यासह लिहावी. अव्याख्यात व्हेरिएबल वापरले गेले की स्क्रिप्ट थांबेल अशी ‘सेट -यू’ची व्यवस्था करावी, कारण फोल्डरचे नाव असलेले व्हेरिएबल ठरवायचेच राहून गेल्यामुळे पुसण्याची कमांड थेट मुळापासून सुरू होणे, हा अपघात रूटखाली फार महाग पडतो. विलंब लावताना ‘टीसी’चा ‘अ‍ॅड’ न वापरता ‘रिप्लेस’ वापरावा. ‘अ‍ॅड’ने पहिल्यांदा काम होते, पण मागच्या खेपेचा विलंब तसाच राहिलेला असला तर दुसऱ्यांदा, जुन्या आवृत्त्यांवर, ‘फाइल एक्झिस्ट्स’ असा संदेश येतो, आणि कोणती फाइल याचा शोध घेण्यात माणसाचा तासभर जातो. वास्तविक तेथे कोणतीही फाइल नसते. त्याचप्रमाणे ‘काढा’ हा शब्द काढण्यासारखे काही नसतानाही बिनतक्रार यशस्वी व्हावा.

ही स्क्रिप्ट कोडच्या रिपॉझिटरीतून (सर्वांचा कोड जेथे साठवला जातो त्या जागेतून) थेट चालवू नये. ज्याला रिपॉझिटरीत लिहिता येते त्याला मग रूटही मिळते, आणि सुडोच्या नियमाला काही अर्थ उरत नाही. तिची प्रत ‘/यूएसआर/लोकल/एसबिन’ या फोल्डरात ठेवावी, मालकी रूटची असावी आणि परवाना ०७५५ असावा. केवळ फाइलचे परवाने पाहून भागत नाही. तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरातही फक्त रूटलाच लिहिता यायला हवे. फोल्डर ज्याच्या ताब्यात असते त्याला आतली फाइल बाजूला सारून त्याच नावाची आपली फाइल ठेवता येते.

सुडोचा नियम

चाचण्यांसाठी वेगळा वापरकर्ता असावा, आणि त्याच्यासाठीचा नियम सुडोचे नियम असलेल्या मुख्य सुडोअर्स फाइलमध्ये न लिहिता ‘/इटीसी/सुडोअर्स.डी’ या फोल्डरात वेगळ्या फाइलमध्ये लिहावा. त्या फाइलच्या नावात टिंब नसावे. टिंब असलेल्या फाइली सुडो गुपचूप वगळतो, कोठेही तक्रार करत नाही, आणि ‘नियम तर लिहिला आहे, मग पासवर्ड का मागतो’ या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इतकेच असते. फाइल साध्या एडिटरने न उघडता ‘व्हिसुडो’ला ‘-एफ’ हा पर्याय देऊन उघडावी, म्हणजे जतन करताना व्याकरण तपासले जाते. काम चालू असताना रूटचे दुसरे टर्मिनल उघडे ठेवावे. नियमात चूक राहून सुडोच बंद पडला तर परतीची वाट तेवढीच असते.

नियमात मदतनीस स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे शब्द, अशा तीन स्वतंत्र नोंदी लिहाव्यात आणि त्यांनाच ‘नोपासडब्ल्यूडी’ (पासवर्ड विचारू नये असे सांगणारी खूण) लावावी. नुसता पत्ता लिहिला आणि पुढे काहीच लिहिले नाही तर सुडो कोणताही शब्द चालू देतो, हे पुष्कळांना माहीत नसते. तारांकन टाळावेच. सुडोअर्समधल्या कमांडच्या शब्दांत तारांकन हे मोकळ्या जागेशी आणि तिरक्या रेषेशीही जुळते. म्हणजे लॉगच्या फोल्डरातील कोणतीही फाइल वाचू द्यावी अशा हेतूने लिहिलेल्या नियमातून दोन टिंबांचा वापर करून वरच्या फोल्डरात जाता येते आणि तेथून पासवर्डांच्या फाइलपर्यंत पोहोचता येते. नियम लिहून झाला की त्या वापरकर्त्याच्या नावाने ‘सुडो -एल’ चालवावे आणि यादीत नेमक्या तीन ओळी आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे.

नियम कितीही काटेकोर असला तरी सुडो स्वतःच अद्ययावत नसेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेला ‘बॅरन सॅमेडिट’ हा दोष जुलै २०११ पासून सुडोत दडून होता, आणि ज्या वापरकर्त्याला सुडोचा एकही नियम लागू नाही त्यालाही तो रूट मिळवून देऊ शकत होता. तो १.९.५पी२ या आवृत्तीत दुरुस्त झाला. चाचण्यांची मशीन एकदा उभी केली की वर्षानुवर्षे कोणी तिकडे फिरकत नाही, म्हणून ही आठवण.

चाचणीतून वापर

चाचणीतून सुडो वापरताना ‘-एन’ हा पर्याय न चुकता द्यावा. त्यामुळे पासवर्ड लागणार असेल तर सुडो तो मागत बसत नाही, लगेच त्रुटी देतो. हा पर्याय नसेल आणि नियमात काही गडबड असेल तर रात्रीची खेप कोणी तरी पासवर्ड टाकण्याची वाट पाहत सकाळपर्यंत थांबून राहू शकते. संच सुरू होतानाच एकदा ‘स्थिती’ हा निरुपद्रवी शब्द देऊन पाहावे. तो चालला नाही तर अधिकार लागणाऱ्या चाचण्या वगळाव्यात. मात्र ही वगळण्याची सवलत विकासकाच्या स्वतःच्या मशीनपुरती असावी. सर्व्हरवर त्या वगळल्या गेल्या तर संपूर्ण खेप नापास व्हायला हवी. माझ्या एका प्रकल्पात हा भेद केलेला नव्हता. सर्व्हर नव्याने उभारताना सुडोचा नियम राहून गेला, चाचण्या शांतपणे वगळल्या जात राहिल्या, निकाल रोज हिरवा येत राहिला, आणि विलंब हाताळणारा कोड मोडलेला आहे हे आम्हाला वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून कळले.

टाइमआउटचा प्रश्न याहून नाजूक आहे. चाचणीच्या चौकटीने साठ सेकंदांनंतर अडकलेली कमांड मारायचे ठरवले, पण ती कमांड सुडोमार्फत चालू असेल तर चौकटीला तसे करताच येत नाही, कारण सामान्य वापरकर्त्याला रूटच्या प्रोसेसला सिग्नल पाठवण्याचा अधिकार नसतो. टर्मिनलवर बसून कंट्रोल-सी दाबले तर हीच कमांड थांबते, कारण तो सिग्नल कर्नल पाठवतो. त्यामुळे हाताने करून पाहताना सगळे ठीक वाटते आणि सर्व्हरवर मात्र प्रोसेस मागे लोंबकळत राहतात. उपाय असा की वेळेची मर्यादा कुंपणाच्या आतल्या बाजूला असावी: मदतनीस स्क्रिप्टने तिच्यातली प्रत्येक कमांड ‘टाइमआउट’खाली चालवावी, म्हणजे मारणाराही रूटच असतो.

सुडो वापरकर्त्याचे पर्यावरण (त्याच्या शेलमध्ये ठरवलेली व्हेरिएबल्स) बहुतांशी पुसून टाकतो आणि पाथही आपलाच वापरतो, म्हणून चाचणीने ठरवलेली व्हेरिएबल्स पलीकडे दिसत नाहीत. अशा वेळी ‘-ई’ हा पर्याय देऊन सगळे पर्यावरण पलीकडे नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या मदतनीस स्क्रिप्टला कोणत्याही व्हेरिएबलची गरजच नाही, त्यामुळे तो विषय येथे संपतो. सुडोच्या कमांडचे आउटपुट ‘>’ या चिन्हाने रूटच्या फाइलमध्ये वळवता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे, ते वळवण्याचे काम तुमचे शेल करते, सुडो नव्हे. लिहिण्याची ती कृतीही मदतनीस स्क्रिप्टच्या आत न्यावी.

रूटखाली उलटणाऱ्या चाचण्या

संपूर्ण संच रूट म्हणून चालवू नये याचे सुरक्षेइतकेच मोठे दुसरे कारण म्हणजे त्याचे निकाल विश्वसनीय राहत नाहीत. समजा एक चाचणी फाइलचे सर्व परवाने काढून घेते, मग प्रोग्रॅमला ती फाइल वाचायला सांगते, आणि प्रोग्रॅमने समजेल असा संदेश देऊन थांबावे अशी अपेक्षा करते. रूटला फाइलचे परवाने आडवे येत नाहीत. फाइल निमूट वाचली जाते आणि चाचणी नापास होते, जरी कोडमध्ये काहीही चूक नसली तरी. हे किमान लगेच लक्षात येते. खरा धोका याच्या उलट प्रकारात असतो: प्रोग्रॅम चुकीच्या फोल्डरात लिहीत असतो, सामान्य वापरकर्त्याकडे तो पहिल्याच दिवशी कोसळला असता, पण चाचणी रूटखाली असल्यामुळे पास होते. ज्यांनी कधीच सुडो वापरलेला नाही तेही यातून सुटत नाहीत, कारण बहुतेक कंटेनर प्रतिमांमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर प्रोग्रॅम रूट म्हणूनच चालतो. म्हणून कंटेनरमध्येही चाचण्यांसाठी साधा वापरकर्ता तयार करावा, आणि संचाच्या सुरुवातीला आपण रूट नाही ना, हे तपासून असल्यास खेप थांबवावी. ‘अनशेअर -आर’च्या आतही परवान्यांच्या चाचण्या अशाच फसतात, त्या कुंपणात फक्त नेटवर्कच्या चाचण्या ठेवाव्यात.

मागे राहणारा पसारा

एकदा जरी संच रूटखाली चालला तरी त्याच्या खुणा मागे राहतात. पायथनने तयार केलेले ‘पायकॅश’ फोल्डर हे त्याचे ठळक उदाहरण. पुढच्या खेपेला सामान्य वापरकर्ता जुना कोड पुसून नवा घ्यायला जातो आणि नेमका तेथे अडतो. गंमत अशी की तुमच्या स्वतःच्या फोल्डरात रूटची एखादी सुटी फाइल असेल तर ती तुम्हाला पुसता येते, कारण पुसण्याचा अधिकार फाइलच्या नव्हे तर ज्या फोल्डरात ती आहे त्याच्या परवान्यावर ठरतो. पण फोल्डरच रूटचे असले तर आतल्या फाइलींना हात लावता येत नाही. मदतनीस स्क्रिप्टने शक्यतो कोणतीही फाइल मागे ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर सुडो स्वतः देत असलेल्या ‘सुडो-यूआयडी’ आणि ‘सुडो-जीआयडी’ या व्हेरिएबल्सच्या आधारे तिची मालकी मूळ वापरकर्त्याकडे परत द्यावी.

विलंब काढण्याची कृती चाचणीच्या अखेरच्या ओळीत न लिहिता चौकटीच्या आवरण्याच्या टप्प्यात लिहावी, म्हणजे चाचणी नापास झाली तरी ती घडते. पण ‘किल -९’ने मारलेल्या प्रोसेसला आवरायला संधी मिळत नाही आणि वीज गेली तर कोणालाच मिळत नाही. म्हणून प्रत्येक खेपेची सुरुवातही ‘काढा’नेच करावी. एकाच मशीनवर दोन खेपा एकदम चालू शकत असतील तर मदतनीस स्क्रिप्टने ‘एफलॉक’ वापरून एका वेळी एकच कुलूप द्यावे. नाही तर एकीने लावलेला विलंब दुसरीच्या निकालात उतरतो, आणि असे अधूनमधून येणारे अपयश शोधणे फार जिकिरीचे असते.

चाचणीचे मशीन

या सर्व खबरदारीनंतरही, अधिकार लागणाऱ्या चाचण्या ज्या मशीनवर चालतात ते काम संपल्यावर टाकून देता येईल असे असावे. व्हर्च्युअल मशीनचा स्वच्छ स्नॅपशॉट घ्यावा आणि प्रत्येक खेपेनंतर त्यावर परत यावे. गिटहब आपल्या लिनक्स मशीनवर पासवर्डाविना सुडो देते, ते खपून जाते कारण ते मशीन एका कामानंतर नष्ट केले जाते. तीच सोय स्वतःच्या, कायम चालू असलेल्या मशीनवर दिली आणि अनोळखी लोकांनी पाठवलेले बदल आपोआप तपासण्याची व्यवस्था त्याच मशीनवर ठेवली, तर ज्याला बदल पाठवता येतो त्या प्रत्येकाला तुमच्या जाळ्यातल्या एका मशीनचे रूट मिळते. असे बदल कोणी तरी वाचून मंजूर केल्याशिवाय त्या मशीनवर जाऊ नयेत.

विंडोज आणि मॅकओएस

विंडोजवर उन्नत परवानगीची विचारणा करणारी खिडकी सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, आणि चाचणीच्या साधनाला तेथे ‘होय’ दाबता येत नाही. तशी ती रचनाच आहे. ती विचारणा बंद करून टाकण्याऐवजी टास्क शेड्यूलरमध्ये ‘सर्वोच्च अधिकारांसह चालवा’ असे नमूद केलेले काम आधी तयार करून ठेवावे आणि चाचणीने ते फक्त सुरू करावे. त्या कामाने चालवलेली स्क्रिप्टही सामान्य वापरकर्त्याला बदलता येणार नाही अशा फोल्डरात असावी. अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीला सामान्य अधिकाराचे साधन क्लिक पाठवू शकत नाही, आणि बटण दिसते पण दाबले जात नाही या तक्रारीमागे बहुधा हेच असते. उन्नत प्रोसेसला वापरकर्त्याने जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची अक्षरे दिसत नाहीत, म्हणून तेथे पूर्ण नेटवर्क पत्ता वापरावा.

मॅकओएसवर रूट असणे पुरेसे नसते. स्क्रीन टिपणे, दुसऱ्या प्रोग्रॅमला क्लिक पाठवणे किंवा संपूर्ण डिस्क वाचणे यांसाठी गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये वेगळी संमती लागते, आणि ती तुमच्या स्क्रिप्टला नव्हे तर तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला मिळते. टर्मिनलमधून चालणारी चाचणी सर्व्हरच्या एजंटमधून अडते ती यामुळे. अनेक मशीन असतील तर यांतील बहुतेक संमती व्यवस्थापनाच्या प्रोफाइलमधून देता येते, स्क्रीन टिपण्याची मात्र नाही.

नियम मागे घेताना

सुडो प्रत्येक वापराची नोंद ठेवतो. डेबियन आणि उबुंटूवर ती ‘ऑथ.लॉग’मध्ये किंवा जर्नलमध्ये सापडते. संपूर्ण संच सुडोखाली चालवला तर त्या नोंदीत एकच निरर्थक ओळ उरते, पण मदतनीस स्क्रिप्ट वापरली की विलंब कधी लागला आणि कधी निघाला हे वेळेसह दिसते. ‘लावा’ आणि ‘काढा’ यांची संख्या जुळत नसेल तर कोणती खेप मध्येच मेली तेही कळते. चाचणी कायमची बंद झाली की आधी सुडोचा नियम काढावा आणि मगच मदतनीस स्क्रिप्ट पुसावी. क्रम उलटला आणि नियम तसाच राहून गेला, तर तो एका अस्तित्वात नसलेल्या फाइलला पासवर्डाविना रूट देत राहतो, आणि पुढे कधी तरी त्या पत्त्यावर जी फाइल येईल तिला तो अधिकार आयताच मिळतो.